शांत वर्गाचा शेरा

बुलढाणा,
ता. ९ नोव्हेंबर १९३८

तीर्थरूप सत्यभामाताईस शालिग्रामचा साष्टांग नमस्कार.

तुझ्या श्रावणातल्या पत्राला आज उत्तर लिहीत आहे, याची क्षमा कर. शाळातपासणीच्या फिरतीचे कारण पुढे करता येईल, पण ते खरे नाही. गेल्या डिसेंबरात तुझा शिशुवर्ग तपासून मी जो शेरा लिहिला, त्यानंतर तुला काय लिहावे ते सुचेना. रोजनिशीत तुझ्याविषयी बरेच लिहिले. ते तुला पाठवण्यासारखे नाही.

शेरा तुला पाठ असेल. ‘मुले सतत रडतात. गोंगाट फार. शिस्तीचा अभाव. असमाधानकारक.’ यात खोटे काही नव्हते. मी दारात पाऊल टाकले आणि एकाने भोकाड पसरले. त्याचे ऐकून सगळ्यांनी. कडूबा नावाच्या त्या काळ्याभोर पोराने माझ्या बोटाला चावा घेतला, त्याचा वण अजून दिसतो. पण परक्या मास्तरणीच्या वर्गात हेच घडते तर मी ‘असमाधानकारक’ लिहिले असते का, हा प्रश्न मला सोडत नाही. तू माझ्या आत्याची मुलगी, लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली, हे इथे शिपायापर्यंत सर्वांना ठाऊक आहे. बहिणीला सांभाळून घेतले असे कुणी म्हणू नये म्हणून तर माझी लेखणी जास्त टोचली नाही ना? आणि तसे असेल, तर तो प्रामाणिकपणा कसला?

आता कामाचे. जिल्हा कौन्सिलच्या शिक्षण समितीने या वर्षी नियम केला आहे. ज्या शिशुवर्गाला लागोपाठ दोन वर्षे ‘असमाधानकारक’ शेरा मिळेल, त्याची ग्रँट बंद. ग्रँट बंद म्हणजे वर्ग बंद, हे तुला सांगायला नको. शेऱ्याचे रकाने पूर्वीचेच आहेत : खोलीची स्वच्छता, हजेरी आणि शिस्त. तुझी पहिली दोन्ही चोख असतात. शिस्तीचे तेवढे पाहा.

तुझा वर्ग दुसऱ्या कुणी तपासावा म्हणून मी अध्यक्षांना विनंती केली. ते हसले. म्हणाले, “अहो शालिग्रामपंत, जिल्ह्यात जिथे तुमचा एकही नातेवाईक नाही असं गाव दाखवा, तिथंच तुमची नेमणूक करतो.” म्हणजे मीच येणार. या महिन्याच्या अखेरीस. आगाऊ कळवायची सर्वांनाच पद्धत आहे, म्हणून तुलाही कळवत आहे. यात पक्षपात नाही, अशी मनाची समजूत घातली आहे.

तुझा
शालिग्राम


खैरगव्हाण,
ता. १५ नोव्हेंबर १९३८

चि. शालिग्रामास सत्यभामेचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. मी रागावले नव्हते. म्हणजे सहा महिने रागावले होते, मग पाऊस लागला, खोली गळायला लागली आणि राग धरायला सवड राहिली नाही. तू एवढासा होतास तेव्हाही असाच होतास. दुसऱ्याची बोरं खाल्लीस की आधी तूच रडायचास. आता तपासनीस झालास तरी तेच चाललंय.

इथलं सांगते. सीतादहीची पूजा झाली, दहीभाताचा घास शेतात पडला आणि कापसाचा वेचा सुरू झाला. गाव सकाळी रिकामं होतं. बाया दिवस उगवायच्या आत ओटीला फडकं बांधून कापूस वेचायला जातात, त्या दिवस मावळता येतात. लेकरं कुठे ठेवणार? माझा वर्ग नव्हता तेव्हा बांधावर झोळीत, नाहीतर घरात कडी लावून. आता वर्गाच्या कामाला ठेवलेली आमची गोजरबाई घरोघर फिरते, एक कडेवर, एक पाठीशी, दोन पदर धरून, अशी वरात घेऊन येते. हिंमतराव पाटलांनी दिलेली ती सरकीची कोठी तुला माहीतच आहे. तिथे आम्ही दिवसभर असतो. गाणी म्हणतो, मातीची बैलं करतो, भांडतो, रडतो. अडीच-तीन वर्षांचं पोर आईपासून तुटलं तर रडणारच. मग थांबतं. थांबतं हेच माझं काम, असं मी समजते. अमरावतीच्या नॉर्मल स्कुलात मला शिस्तीवर धडा होता, पण तो मोठ्या मुलांचा.

तुझं पत्र मी गोजरबाईला वाचून दाखवलं. वर्ग गेला तर तिचीही भाकर जाते, तिला कळलंच पाहिजे. ती म्हणाली, “बाई, पोरं साह्यबाले पाहून रडतात त त्याले मनाव ते डोक्यावरचं टोपलं काहाडून ये. आमची म्हैसबी बुजते त्या टोपल्याले.” मी हसले. मग तिने विचारलं, “खरंच बंद करतीन का वो वर्ग?” मी म्हटलं, शेरा वाईट आला तर करतील. जाताना म्हणाली, “तुमी फिकर नोका करू. यंदा एक पोरगं रडनार नाई. पाह्यतो मी.”

तेव्हा तू ये. टोपलं काढून ये.

कडूबाची आई तुझी माफी मागते आहे. आधीची तीन गेल्यावर हा राहावा म्हणून नाव कडू ठेवलेलं, त्याला कुणी रागावत नाही, म्हणून चावरा झालाय.

तुझी
सत्यभामाताई


बुलढाणा,
ता. २ डिसेंबर १९३८

तीर्थरूप ताईस सा. नमस्कार.

त्या दिवशी सर्वांसमोर तुझ्याशी मोकळेपणी बोलता आले नाही. पटवारी, पाटील, मास्तर सगळे उभे होते. पण खैरगव्हाणहून परत येताना धामणगाव बढ्याच्या मोटारीत मी एकटाच हसत होतो, हे आज कबूल करतो.

ताई, हे तू कसे साधलेस? टोपी मी तुझ्या सांगण्यावरून बाहेर काढून ठेवली होती, पण गरज पडली नसती. सगळी मुले भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसलेली. एक आवाज नाही. मी एकेकापाशी गेलो, कुणी दचकले नाही. जुन्या चित्रांतल्या साधूंचे असतात तसे त्यांचे डोळे अर्धे मिटलेले. मी कडूबाची हनुवटी धरून वर केली, तर त्याने माझ्याकडे नुसते पाहिले. बोट तोंडाजवळ असूनही चावला नाही! एक लहान मुलगी तर बसल्या बसल्या माझ्या गुडघ्यावर कलंडून झोपी गेली. परक्या माणसाच्या अंगावर मूल निर्धास्त झोपते, यापेक्षा वर्गाची चांगली परीक्षा कोणती? मी नेलेले गूळफुटाणे त्यांनी हातात धरून ठेवले, एकानेही तोंडात टाकले नाहीत. इतका संयम मोठ्यांच्या शाळेतही मी पाहिलेला नाही.

तुझा चेहरा मात्र उतरलेला दिसला. तुला माझी भीती वाटली असेल, तर मला वाईट वाटते.

शेरा लिहिण्यापूर्वी मी धर्मशाळेत बसून स्वतःला तपासले. बहिणीचा वर्ग म्हणून तर डोळे दिपले नाहीत? गेल्या वर्षीच्या शेऱ्याची टोचणी म्हणून तर हात सैल सुटत नाही? मग ठरवले की जे डोळ्यांनी दिसले तेवढेच लिहायचे. लिहिले : ‘मुले अत्यंत शांत व शिस्तबद्ध. एकही मूल रडले नाही. उत्कृष्ट.’ यातला एकही शब्द मला खोडावासा वाटत नाही.

अध्यक्षांनी शेरा वाचला आणि तो परिपत्रकाने सर्व शिशुवर्गांना पाठवायला सांगितले. इतर ठिकाणच्या शिक्षिकांनी जानेवारीत तुझ्याकडे येऊन एक दिवस वर्ग पाहावा, असेही ठरते आहे. तू आता आदर्श झालीस!

गोजरबाईला माझा नमस्कार सांग. तिने शब्द पाळला.

तुझा
शालिग्राम


खैरगव्हाण,
ता. १० डिसेंबर १९३८

चि. शालिग्रामास आशीर्वाद.

परिपत्रक काढू नकोस. निघालं असेल तर मागे घे. शेराही बदलता आला तर बदल, ‘समाधानकारक’ एवढंच पुरे, ग्रँट त्यावरही चालेल.

तो दिवस रोजच्यासारखा नव्हता. माझा वर्ग गोंगाटाचा आहे आणि तसाच राहील. बाया पाठवू नकोस.

कडूबा त्या संध्याकाळी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. आता बरा आहे. काल त्याने पाटलांच्या नातवाला चावा घेतला, तेव्हा मी देवापुढे दिवा लावला.

तुझी
ताई


बुलढाणा,
ता. २३ डिसेंबर १९३८

तीर्थरूप ताईस सा. नमस्कार.

तुझे पत्र वाचून दोन दिवस मन अस्वस्थ होते. मग लक्षात आले की तुझे दुखणे ते माझेच दुखणे. भावाने दिलेला चांगला शेरा लोक कसा घेतील, याची तुला धास्ती वाटते. याच विचाराने मी वर्षभर तुला पत्र लिहिले नव्हते, तेव्हा मला ते कळायला हवे. पण ताई, या बाबतीत मी स्वतःची जितकी उलटतपासणी केली आहे, तितकी कुणी वकीलही करणार नाही. शेरा खरा आहे. खरा शेरा केवळ लोक बोलतील म्हणून बदलणे, हाही एक खोटेपणाच नव्हे का?

तो दिवस रोजच्यासारखा नव्हता, हे मी जाणतो. तपासणीचा दिवस कुठेच रोजच्यासारखा नसतो. भिंती सारवतात, मुलांना न्हाऊ घालतात. ते सगळे वजा करूनच आम्ही पाहतो.

परिपत्रक गेले. शिक्षिका संक्रांतीनंतर येतील. त्यांत चिंचपाटीच्या विमलबाईंना जरा सांभाळून घे. संग्रामपूरकडे डोंगराच्या पायथ्याशी ते गाव आहे, बाई नव्या आहेत, गेल्या वर्षी त्यांनाही ‘असमाधानकारक’ मिळाला आहे आणि त्या फार घाबरल्या आहेत. तुझी हातोटी त्यांना शिकव. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी तिथेच तपासणीला जाणार आहे.

कडूबाला काय झाले होते? थंडी बाधली असेल.

तुझा
शालिग्राम


खैरगव्हाण,
ता. २० जानेवारी १९३९

चि. शालिग्रामास आशीर्वाद.

हे पत्र बंद पाकिटात घालून मी स्वतः धामणगावच्या बाजाराला जाऊन टाकणार आहे. इथलं पोस्ट मास्तरांच्या शाळेत आहे आणि मास्तर कार्ड वाचूनच वाटतात.

तुला डिसेंबरातच सांगायला हवं होतं. तू ओळखशील असं वाटलं होतं. तू ओळखलं नाहीस, आणि ते मला सोयीचं वाटलं. आता सांगते.

त्या दिवशी गोजरबाईने लेकरांना अफूची गोळी दिली होती. सकाळी घरोघरून आणताना, एकेकाला, गुळात घालून. मला माहीत नव्हतं. तू वर्गात आलास तेव्हा मी पाहिलं आणि मला कळलं. चेहरा उतरला तो त्यामुळे. तेव्हाच मी बोलायला हवं होतं, पण पटवारी होता, पाटील होते, आणि तू इतका खूश होऊन एकेकाची हनुवटी वर करत होतास. मी गप्प बसले.

तू गेल्यावर मी तिला धरलं. ती म्हणाली, “बाई, काऊन ओरडता? तुमीच म्हनलं ना का रडले त वर्ग जाते. मंग नाई रडले.” मी म्हटलं, अगं विष आहे ते. त्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच वेडी. “इख? समद्या गावानं खाल्लंय. म्या खाल्लं, माया लेकरांनी खाल्लं. ठेक्यावरून आनतात, तिळायेवढी गोळी, लेकरू दिसभर बांधावर झोपते, माय कापूस वेचते. तुमच्या वर्गात येतात म्हनून तेवढी सुटली व्हती.”

आता कडूबा का उठत नव्हता ते तुला कळलं. मी रात्रभर त्याच्या आईजवळ बसले होते.

गोजरबाईने शपथ घेतली, पुन्हा देणार नाही. ती खोटं बोलत नाही. बाया परवा आल्या, तेव्हा वर्गात बाजार भरला होता. कुणी रडतंय, कुणी भांडतंय. त्यांची निराशा झाली. एक म्हणालीसुद्धा, “हेच का उत्कृष्ट!” पण विमलबाई मागे राहिली आणि गोजरबाईला कोपऱ्यात घेऊन विचारत होती, तपासणीच्या दिवशी तुम्ही नेमकं काय करता म्हणून. गोजरबाईने सांगून टाकलं. मला नंतर म्हणाली, “इचारलं म्हनून सांगतलं. बिचारी लई भेली व्हती.”

मी विमलबाईला कार्ड टाकलं आहे. पण कार्डावर तो शब्द कसा लिहू? चिंचपाटीचं पोस्टही असंच कुणाच्या ओसरीवर असेल. ‘गोजरबाईने सांगितले ते करू नये’ एवढंच लिहिलं. तिने मानलं नाही तर? आपली युक्ती दुसऱ्याला मिळू नये म्हणून ही असं लिहिते, असंही तिला वाटेल.

तू तिला लिही. तपासनीसाचं ती ऐकेल. हे पत्र मिळेल त्या दिवशी लिही. आणि तिथली तपासणी पुढे ढकल.

तुझी
सत्यभामाताई


बुलढाणा,
ता. ४ फेब्रुवारी १९३९

ताई,

तुझे पत्र मी परवा वाचले. ते माझ्या टेबलावर पडून होते. तू ते टाकण्याच्या आदल्या दिवशी मी फिरतीवर निघालो होतो.

जे घडले ते जसेच्या तसे लिहितो. माझे मत मधे येऊ नये असा प्रयत्न करतो, पण माझ्या मताची आता काय किंमत आहे, ते मलाच कळत नाही.

नांदुऱ्याला गाडीतून उतरलो, तिथून मोटार, पुढे बैलांच्या दमणीने चिंचपाटीला. वर्ग शाळेच्या पडवीत भरतो. सकाळची वेळ होती. मुले भिंतीला टेकून, हात मांडीवर. एक आवाज नाही. विमलबाई दारात उभ्या होत्या, त्यांचे ओठ कोरडे पडले होते. मी त्यांना म्हणालो, “बाई, शाबास. खैरगव्हाणला गेल्याचा उपयोग झाला.” हे मी म्हणालो, ताई. वर्गात मोठ्याने, मास्तरांच्या देखत म्हणालो.

शेवटी एक मुलगी होती. रुख्मिणी नाव, असेल तीन वर्षांची. बाकीची बसली होती, ती एका अंगावर निजलेली. मला खैरगव्हाणची ती मुलगी आठवली. मी वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि झोपू द्या म्हणालो. तिचे कपाळ गार लागले. जानेवारीची सकाळ, सगळेच गार होते. पडवीतच टेबल मांडून शेरा लिहिला. तो तुला सांगत नाही, तुला तो पाठ आहे.

मी जेवायला बसलो तेव्हा आरडाओरडा ऐकू आला. मूल उठत नव्हते. दमणी जुंपली, दवाखान्याकडे निघालो. ती वाटेतच गेली. तिची आई शेतातून धावत आली ती ओटीत कापूस तसाच घेऊन.

तेव्हाही मला कळले नाही. विमलबाई रडत होत्या, आणि मला वाटले की मूल गेले म्हणून रडतात. मी त्यांची समजूत घातली. पंचनाम्यात ‘थंडीताप’ लिहिले गेले, त्यावर माझी सही आहे.

मग परत येऊन तुझे पत्र उघडले.

डिसेंबरात तू मला शेरा बदल म्हणालीस. मी तुला खरेपणावर प्रवचन दिले. ते वाक्य मी काल रोजनिशीत शोधून पाहिले. पत्रापूर्वी मी ते तिथे उतरवले होते, आवडले म्हणून.

काय करू, ते सांग. मी विचारतो आहे.

शालिग्राम


खैरगव्हाण,
ता. १३ फेब्रुवारी १९३९

चि. शालिग्रामास आशीर्वाद.

मी चिंचपाटीला जाऊन आले. पत्रात विचारतोस काय करू, मला तरी काय माहीत? कुणी तरी जायला हवं होतं म्हणून गेले. गोजरबाई येते म्हणाली. मी नको म्हटलं. ती ऐकेना, आलीच.

विमलबाई माहेरी निघून गेली आहे. तिची भेट नाही. माझं कार्ड तिथे मास्तरांनी वाचून दाखवलं होतं म्हणे, आणि सगळे हसले होते.

रुख्मिणीच्या घरी गेलो. तिची आई दळत होती. गोजरबाई दारातच खाली बसली आणि म्हणाली, “बाई, ते म्यानं सांगतलं व्हतं तुमच्या मास्तरनीले. मले मार.” ती आई जातं थांबवून बघत राहिली. तिला कळेनाच. मी सगळं सांगितलं. तेव्हा तिने विचारलं, “शाळंतबी देल्ली व्हती?”

शालिग्राम, तिने सकाळी घरी गोळी दिली होती. रोजच देत असे. तिथला वर्ग दुपारीच सुटतो, ती तर दिवस मावळता येते. मधल्या वेळात लेकरू एकटं भटकू नये म्हणून निघतानाच द्यायची. वर्गात पोरगी पेंगत बसायची, विमलबाई समजायची की स्वभावच गरीब आहे. त्या दिवशी दोन झाल्या.

ती म्हणाली, “मंग माह्याच हातानं गेली.” मी म्हटलं, नाही. गोजरबाई म्हणाली, “नाई वो माय, माया.” मी म्हटलं, माझ्या. तिघी बसलो होतो आणि जी ती स्वतःकडे ओढत होती. त्यात त्या बाईला काय मिळालं? थोड्या वेळाने ती उठली, दुसरं पोर पाळण्यात होतं त्याला तिने पाजलं आणि वेच्याला निघून गेली. त्याला गोळी दिली की नाही, ते मी पाहिलं नाही. पाहायची माझी हिंमत झाली नाही.

तू आता रिपोर्ट लिहिशील. तुला लिहिल्याशिवाय राहवणार नाही, मी तुला ओळखते. लिही. पण गोजरबाईचं नाव घालू नकोस. तिला पोलीस नेतील आणि गाव पुन्हा अंगणात उभं करणार नाही. माझं घाल. मी वर्गाची मास्तरीण, मी पाहून गप्प बसले.

आणि एक. वर्ग बंद होऊ देऊ नकोस. वाईट असला तरी इथे लेकरं दिवसभर जागी असतात. याहून जास्त काही मी म्हणत नाही.

तुझी
ताई


बुलढाणा,
ता. २९ मार्च १९३९

तीर्थरूप ताईस सा. नमस्कार.

या वेळच्या उशिराचे कारण तरी खरे आहे. समितीचा निर्णय झाल्याशिवाय तुला लिहायचे नाही, असे ठरवले होते. निर्णय काल झाला.

रिपोर्ट मी फेब्रुवारीतच दिला. गोजरबाईचे नाव घातले नाही. तुझेही घातले नाही, यावर तू रागावशील. लिहिले ते असे : मुलांना अफू दिली होती, तपासनीसाने गुंगीला शिस्त समजून ‘उत्कृष्ट’ शेरा दिला, तो परिपत्रकाने पसरला आणि त्यामुळे एक मूल गेले. शेरे रद्द करावेत. पंचनाम्यावरची माझी सही चुकीची होती. शिस्तीचा रकाना काढून टाकावा. वर्ग वेच्याच्या दिवसांत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवावेत, म्हणजे आयांना गोळी द्यावी लागणार नाही. शेवटी माझा राजीनामा जोडला.

समितीने रिपोर्ट एकमताने स्वीकारला. असे क्वचितच होते. ठराव असा : शिशुवर्गांत मुलांच्या जिवाला धोका असल्याचे तपासनीसांनीच दाखवून दिले आहे, सबब दवाखान्याशेजारचा नांदुऱ्याचा एक वर्ग सोडून बाकी सर्व शिशुवर्ग एक एप्रिलपासून बंद करावेत. मी उठून म्हणालो की मुले आता बांधावर जातील, तिथे गोळी रोज आहे. एक सभासद म्हणाले, “अहो, ते घरचं झालं. त्याला कौन्सिल काय करणार?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यात दुष्ट कुणी नव्हता. मी प्रत्येकाचा चेहरा पाहिला.

अध्यक्षांनी राजीनामा परत केला. “राजीनामा कशाला, शालिग्रामपंत? तुमच्या रिपोर्टामुळेच तर समितीला निर्णय घेता आला.” पंचनाम्याचे पुढे काही होणार नाही, असेही त्यांनी मायेने सांगितले. राजीनामा मी परत घेतला. का घेतला ते रोजनिशीत लिहायला बसलो, दोन कारणे लिहिली आणि दोन्ही खोडली. एक वर्ग अजून उरला आहे आणि तो कुणीतरी तपासणार आहे, एवढेच उरले.

खोटे लिहिले नाही, तरी एक मूल गेले. खरे लिहिले, तर सगळे वर्ग गेले. कुठे काय लिहायला हवे होते, याचा मी महिनाभर विचार केला आणि मला उत्तर सापडले नाही. तुला सापडले तर मला कळवू नकोस, असे म्हणावेसे वाटते. पण कळव.

हिंमतराव पाटलांना कोठी परत हवी आहे, असे पटवाऱ्याकडून कळले. गोजरबाई पुढे काय करणार? आणि कडूबा? पुढच्या वेच्याला तो बांधावर असेल. तो अजून चावत असेल तर त्याला कुणी रागावू नये, असे त्याच्या आईला माझ्या वतीने सांग.

पत्र इथेच संपवतो. पुढची नोंद तुझ्या पत्रात लिहितो, कारण रोजनिशीवर आता माझा विश्वास राहिलेला नाही.

उद्या : नांदुऱ्याचा वर्ग. आगाऊ न कळवता जायचे, दाराबाहेर उभे राहायचे आणि आत एखादे मूल रडते आहे का, ते ऐकायचे.

शालिग्राम